कॉलेजांचं पुणं, नदीच्या दोन्ही काठांनी

शुक्रवार

सोलापूरची सकाळची हुतात्मा एक्सप्रेस वेळेवर सुटली तर अकराच्या आत पुण्यात उतरवते. पूर्वी स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की रिक्षावाल्याशी पहिली हुज्जत व्हायची आणि पुणं सुरू झाल्याची खात्री पटायची. आता मेट्रो आहे. तिकीट काढलं आणि थेट डेक्कनला निघाले. महापालिकेचं स्टेशन मागे पडलं की गाडी मुठेच्या पात्राला धरून जाते आणि इतकी वर्षं येऊन-जाऊन कधी न पाहिलेलं पुणं समोर येतं: घरांच्या पाठी. जंगली महाराज रस्त्यावरून ज्या इमारतींचा फक्त चकचकीत दर्शनी भाग दिसतो, त्यांच्या मागच्या बाल्कन्या, गंजलेले पाइप, गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेले टॉवेल. संभाजी उद्यान आणि डेक्कन या दोन स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीच्या घाटाची केली आहेत. रस्त्यावरून बघताना ती जितकी खटकतात तितकी आत बसून खटकत नाहीत, इतपत म्हणता येईल.

निमित्त फिरण्याचं नव्हतं, सामान आवरण्याचं होतं. माझी आत्या प्रभात रोडच्या एका गल्लीत राहते. तिची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे. महिनाअखेरीस घर रिकामं करून द्यायचं, तीन वर्षं बिल्डर भाडं देणार, मग नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर ताबा. “तोवर मी असले तर,” असं ती दर वेळी जोडते आणि स्वतःच हसते. वय शहात्तर.

या जागेवरचं हे दुसरं पाडकाम. १९७२ साली, आमच्याकडे दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती तेव्हा, आत्या लग्न होऊन इथे आली. तेव्हा इथे तिच्या सासऱ्यांचा बंगला होता: दगडी जोतं, मंगलोरी कौलं, पुढे बाग, मागे आउटहाउस. १९८६ मध्ये तो पाडून तीन मजली अपार्टमेंट झाली. आता तिचीही मुदत भरली. गल्लीच्या तोंडापासून आत्याच्या फाटकापर्यंत जाताना एकाआड एक इमारतीला पत्र्याचं कुंपण आणि हिरवी जाळी. “सगळ्यांनी एकदमच काढलंय,” आत्या म्हणाली. “मग भाड्याने राहायचं कुठे? शेजारी जावं म्हटलं तर शेजारी पण निघालेत.”

दुपारी माळ्यावरून एक वही निघाली. लाल कापडी बांधणीची, कोपरे कसरीने खाल्लेली. आउटहाउसमध्ये आत्याच्या सासूबाई विद्यार्थी ठेवायच्या, पुढे ते खातं आत्याकडे आलं. प्रत्येक मुलाला एक पान: नाव, गाव, कॉलेज, वडिलांचा पत्ता, भाडं, लाइट. एका खोलीत दोघे, माणशी तीस रुपये, लाइटचे अडीच वेगळे. गावं वाचत बसले. बार्शी, उदगीर, चाळीसगाव, सावंतवाडी, संगमनेर. मध्येच एक पान तेहरानचं. सत्तरच्या दशकात इराणमधून पुष्कळ मुलं पुण्यात शिकायला येत, त्यातला एक. १९७९ मध्ये तिकडे क्रांती झाली आणि याचे घरून येणारे पैसे थांबले. “चार महिने मी त्याच्याकडून भाडं घेतलं नाही बघ,” आत्या म्हणाली. मी पान पुढे केलं. जूनमध्ये चारही महिन्यांची बाकी जमा झाल्याची तिच्याच अक्षरातली नोंद होती. तिने चष्मा लावून वाचलं. “असं का? मग मिळाले असतील त्याला.”

मागच्या पुठ्ठ्याला आतून नियमांचा कागद चिकटवलेला. रात्री नऊनंतर फाटक उघडले जाणार नाही. खोलीत स्टोव्ह पेटवू नये. सायकल तुळशीवृंदावनाला टेकवू नये. मैत्रिणी आल्यास बागेत बसावे.

शेवटची नोंद १९८५ ची. बंगला गेला त्याबरोबर आउटहाउस गेलं. फ्लॅटमध्ये परका मुलगा ठेवणार कुठे? प्रभात रोड, भांडारकर रोड इकडच्या लोकांशी बोललं की बंगल्यांबद्दल हळहळ ऐकू येते: ती कौलं, तो झोपाळा, ते बकुळीचं झाड. मागच्या खोलीबद्दल कोणी बोलत नाही. माझं मत असं की या भागातून विद्यार्थी गेले ते मॉल आले म्हणून नव्हे. ते त्याच्या कितीतरी आधी, आउटहाउसं आणि गॅरेजवरच्या खोल्या पाडल्या तेव्हाच गेले.

शनिवार

आत्याच्या खालच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी सहाला फर्ग्युसनच्या मागच्या हनुमान टेकडीवर जातात. निवृत्त प्राध्यापक. “येतेस का?” म्हणाले, गेले. काळोख होता, तरी टेकडीवर वर्दळ एवढी की चढताना गुड मॉर्निंग म्हणून घसा दुखावा. वर पोचेपर्यंत काकांनी बोलायचं टाळलं, दम टिकवत होते. बसल्यावर मात्र थांबले नाहीत.

काका मूळचे नारायण पेठेतले, नदीकडच्या बाजूचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा अकरा वर्षांचे. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं, तेही धरण टिकलं नाही आणि मुठा गावात शिरली. “आईने देवाचा डबा घेतला, मी दप्तर. दप्तर कशाला घेतलं कोण जाणे.” लोक पर्वतीच्या दिशेने पळत होते, हेही त्यात. परत आले तेव्हा वाड्याची नदीकडची भिंत बसलेली आणि ओसरीवर गुडघाभर गाळ. काही महिने एका शाळेत काढले, मग गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत निसेन हट मिळाली. अर्धगोल छपराची ती लष्करी पद्धतीची घरं. “उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आई दुपारची भाकरी बाहेर लिंबाखाली करायची.”

गोखलेनगर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्यामुळे १९६७ मध्ये काका फर्ग्युसनला लागले ते ही टेकडी चढून-उतरून. सगळं पुणं फाटकातून आत येतं, हे मागच्या दाराने. त्यांना आजही कॉलेजचं दर्शन म्हणजे झाडांवरून दिसणारं मुख्य इमारतीचं छप्पर. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन उतरायचं आणि खाली नळावर पाय धुऊन वर्गात जायचं. सायकल घ्यायची ऐपत तिसऱ्या वर्षी आली, ट्यूशन करून. मग मात्र सायकलीचं पुराण अर्धा तास चाललं. महापालिकेचा बिल्ला, डायनामो बिघडला की कोपऱ्यावर उभा असलेला हवालदार, डबलसीट पकडलं तर भरायचा दंड, स्टँडवर मिळणारा पत्र्याचा टोकन. पुणं सायकलींचं शहर होतं हे मी लाखदा ऐकलंय. पण सायकलीवर दिवा नाही म्हणून पोलीस पकडत, आणि मुलं त्या चौकापुरती उतरून सायकल हातात धरून चालत, हे पहिल्यांदा ऐकलं.

टेकडीच्या माथ्यावरून मागे वेताळ टेकडीची रांग दिसते. बालभारती ते पौड फाटा असा रस्ता तिथून काढायचा महापालिकेचा बेत आहे, त्याविरुद्ध लोक उभे राहिलेत, काकाही मोर्चाला जाऊन आले. “वाहतूक कोंडी मलाही दिसते,” म्हणाले, “पण कोंडी टेकडीला विचारून झालेली नाही.”

खाली उतरून कॉलेजमधून चालत आलो. फर्ग्युसनचा जन्म इथला नव्हे. २ जानेवारी १८८५ रोजी ते सुरू झालं ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. इथे, त्या वेळच्या भांबुर्ड्याच्या माळावर, ते १८९५ मध्ये आलं. त्या काळी हे म्हणजे गावाबाहेर. नदी ओलांडायची, लकडी पुलाच्या पुढे वस्ती संपायची, आणि मग शेतं. पुढे त्याच्या मागोमाग सगळी रांग लागली: १९१७ मध्ये भांडारकर संस्था, १९२४ मध्ये लॉ कॉलेज, १९३० मध्ये गोखले संस्था, १९४३ मध्ये बीएमसीसी हे कॉमर्सचं कॉलेज. प्राध्यापकांना घरं लागली, म्हणून बंगले. बंगलेवाल्यांना चार पैसे लागले, म्हणून आउटहाउसात विद्यार्थी. डेक्कनचं जे ‘मूळचं शांत पुणं’ म्हणून सांगितलं जातं ते असं पेठेतून उठून आलेलं आहे. काकांना हे बोलून दाखवलं. “हो ना,” म्हणाले, “आम्हाला पेठेतले नातेवाईक जंगलात राहायला गेले म्हणायचे.”

वसतिगृहाच्या पहिल्या ब्लॉकमधली सतरा नंबरची खोली सावरकरांची. बंद होती, बाहेरून पाहिली. विदेशी कपड्यांच्या होळीनंतर १९०५ मध्ये त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. काकांनी माहिती पुरवली, “तेव्हाचे दहा रुपये म्हणजे खाणावळीचा महिना सुटला असता.”

मग गुडलक. १९३५ चं इराणी हॉटेल, आणि बन-मस्का अजूनही मऊ. आजूबाजूला मात्र फर्ग्युसन रस्ता ओळखू येत नाही असं काकांचं म्हणणं. रस्ता एकेरी झाला, पुस्तकांच्या दुकानांच्या जागी बुटांची दुकानं आली, डेक्कनच्या नटराज टॉकीजचा मॉल झाला. बदलला नाही म्हणून त्यांनी फक्त जंगली महाराज रस्त्याचं नाव घेतलं. १९७६ मध्ये ‘रेकॉन्डो’ नावाच्या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन तो केला आणि त्यावर कितीतरी दशकं खड्डा पडला नाही. पुणेकर हे देवळाच्या स्थानमाहात्म्यासारखं सांगतात. त्या कंपनीला पुढे कामं का मिळाली नाहीत, हेही मग आपसूक सांगितलं जातं, आवाज खाली आणून.

संध्याकाळी काकूंनी “आता माझ्याबरोबर चल” म्हणून वैशालीत नेलं. त्यांच्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. रांगेत पाऊण तास. टेबल मिळालं, एसपीडीपी म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरी आली, आणि सकाळचं सगळं पुराण उलटं झालं.

काकूंचं कॉलेज एसपी, साल १९६९. वर्गात मुली पुढच्या दोन बाकांवर, तास संपला की लेडीज रूममध्ये. हॉटेलात एकट्या मुलीने बसायचं म्हणजे फॅमिली रूमचा पडदा सरकवून, आणि तेही भाऊ बरोबर असला तर. “यांचं पुणं रात्री बारापर्यंत होतं. माझं सातपर्यंत,” काकू म्हणाल्या. “सातला दारात आई उभी.” त्यांच्या एका मैत्रिणीने १९७२ मध्ये लूना मोपेड बाजारात आल्याचं असं सांगितलं, जणू कुणी दार उघडून दिलं. तिला ती मिळाली नोकरी लागल्यावर. पहिल्या रविवारी ती काही काम नसताना नुसती खडकवासल्याला जाऊन आली आणि घरी कुणाला सांगितलं नाही. दुसरीने चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींची बाजू घेतली. सगळा गाव त्यांना हसत होता तेव्हा तिला हेवा वाटायचा: उन्हापासून बचाव, धुरापासून बचाव, आणि कोण कुणाच्या मागे बसलंय ते मामाला कळायची सोय नाही.

दिवसभरात जेवढ्या पुरुषांशी बोलले, सगळ्यांचं पुणं पूर्वी चांगलं होतं. या तिघींपैकी एकीनेही तसं म्हटलं नाही. रहदारीला शिव्या दिल्या, घरभाड्यांना दिल्या, वैशालीच्या सांबाराची चव बदलली का यावर वाद घातला. पण परत जायला आवडेल का विचारलं तर तिघीही एकदम “छे!”

रविवार

आत्यासाठी जागा बघायला नवी पेठेत. प्रभात रोडला चार वेळा जागा बघून झाल्या होत्या, एक तर भाडं आवाक्याबाहेर नाहीतर लिफ्टशिवाय चौथा मजला. नवी पेठेतली ही तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी सुचवलेली, पहिला मजला. आत्या सकाळपासून नाराज. पन्नास वर्षं नदीच्या अलीकडे काढलेल्या माणसाला पेठ म्हणजे अरुंद जिना आणि शेजाऱ्यांच्या चौकशा.

लकडी पुलावरून चालत गेलो. अलका चौक ओलांडून शास्त्री रस्त्याला लागलो आणि आत्या थबकली. इकडे ती बऱ्याच वर्षांत पायी आली नव्हती. चहूकडे मुलं. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, टोळक्याने चहाच्या टपरीपाशी उभी. पाट्या वाचायला सुरुवात केली तर संपेनात: अभ्यासिका, २४ तास, एसी-नॉन एसी, लॉकर, वाय-फाय. कॉट बेसिस, फक्त मुली. राज्यसेवा फाउंडेशन बॅच. कम्बाइन टेस्ट सिरीज. घरगुती मेस, डबा पोचवला जाईल. झेरॉक्स, झेरॉक्स, झेरॉक्स. नवी पेठ आणि सदाशिव पेठेच्या या पट्ट्यात महाराष्ट्रभरातून आलेली स्पर्धा परीक्षांची मुलं राहतात. मार्च २०२१ मध्ये परीक्षा पुढे ढकलली तेव्हा ती याच रस्त्यावर उतरली होती. २०२३ च्या सुरुवातीला नवा वर्णनात्मक अभ्यासक्रम लगेच नको, २०२५ पासून लावा, म्हणून अलका चौकात बसली आणि लोकसेवा आयोगाला ते मान्य करावं लागलं.

बघायच्या जागेच्या तळमजल्यावरच एक अभ्यासिका. दारात चपलांची रास. मालकाला विचारून आत डोकावले. एका जुन्या दिवाणखान्यात प्लायवूडचे कप्पे केलेले, प्रत्येक कप्पा हात पसरता येणार नाही इतका. कप्प्यात एक ट्यूब, एक प्लग, चिकटपट्टीने लावलेलं वेळापत्रक. खुर्चीला बांधलेल्या उशीवर मार्करने नाव. एका कप्प्यात खाकी वर्दीतल्या कुण्या मोठ्या भावाचा फोटो, शेजारच्यात महाराष्ट्राचा नद्यांचा नकाशा आणि त्यावर पेन्सिलने गोल केलेली धरणं. चाळीस-पन्नास माणसं बसलेल्या खोलीत फक्त पंख्याचा आणि पानं उलटण्याचा आवाज. वर तुळया सागवानी, वाड्याच्या काळच्या.

बाहेर चहाला थांबलेला एक मुलगा गेवराईचा निघाला. बीएस्सी करून आलेला, आता अठ्ठावीसचा. आत्याने गाव विचारल्यावर तो मोकळा झाला. “आता काही मजा नाही राहिली इथे,” म्हणाला. “पूर्वीचं पुणं वेगळं होतं.” कोणतं पूर्वीचं? “२०१९ चं, मॅडम. कॉट पंधराशेला मिळायची. मेसला पोळ्या अनलिमिटेड होत्या. पोरं एकमेकांना नोट्स द्यायची.” आत्याला हसू आवरेना. त्याला राग नाही आला, तोही हसला, पण मुद्दा सोडला नाही. रूममेट परीक्षा पास होऊन गेले, काही परत गावी गेले. ज्या टपरीवर रात्री दोनला चहा मिळायचा ती लॉकडाउननंतर उघडली नाही. त्याच्या लेखी एक अख्खं गाव बुडालं होतं, काकांच्या नारायण पेठेइतकंच.

त्याच्या मेसमध्येच जेवलो. रविवार दुपार म्हणजे फीस्ट: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. संध्याकाळी मेस बंद. हा नियम काकांच्या वेळीही होता आणि आत्याच्या वहीतल्या मुलांच्या वेळीही. रविवारची रात्र म्हणजे विद्यार्थ्याने आपलं आपण बघायचं. मेस चालवणाऱ्या मावशी वाढता वाढता बोलत होत्या. मार्च २०२० मध्ये दोन दिवसांत पेठ रिकामी झाली. मुलं हातातली बॅग घेऊन पळाली, गाद्या, पुस्तकं, बादल्या तशाच. वर्षभराने काही सामान न्यायला आली, काही आलीच नाहीत. माळ्यावर अजून तीन पोती पुस्तकं आहेत. “रद्दीत घालवत नाही. कुणाची तरी परीक्षा राहिली असेल त्यात.”

या पेठांना पोरं पोसायची सवय जुनी आहे. वार लावून जेवणारी गरीब मुलं, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, याच वाड्यांतून फिरत. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. इथून दहा-पंधरा मिनिटांवर विश्रामबागवाडा, जिथे १८२१ मध्ये इंग्रजांनी हिंदू कॉलेज उघडलं आणि ज्याचं पुढे डेक्कन कॉलेज होऊन येरवड्याला गेलं. पलीकडे भिडेवाडा, १८४८ ची मुलींची शाळा. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. म्हणजे शिक्षण सुरू झालं नदीच्या या काठाला, मोठं होऊन त्या काठाला गेलं, आणि त्या काठच्या जागा परवडेनाशा झाल्यावर विद्यार्थी पूल ओलांडून परत आले. कॉलेज मात्र परत आलं नाही. ही मुलं पदवी घेऊन आलेली, कुठल्याच कॉलेजात नाव नाही, प्राध्यापक नाही, गॅदरिंग नाही. शास्त्री रस्ता हे कॉलेज नसलेलं कॉलेजगाव आहे, आणि डेक्कन हळूहळू विद्यार्थी नसलेलं होत चाललंय. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून म्हणतात, पुण्यात आता काही राहिलं नाही.

जागा आत्याला पसंत पडली. स्वयंपाकघराला खिडकी होती आणि जिना तिला वाटला तितका अरुंद नव्हता. तिने मालकाशी भाड्यात पाचशे रुपये कमी करून घेतले आणि रस्ताभर त्यावर खूश होती.

सोमवार

आवराआवरीच जास्त झाली. दुपारी दोन तास काढून विद्यापीठात गेले. चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला, तेव्हापासून तिथे काहीतरी उकरलेलं असतंच. आत गेलं की मात्र वडाच्या पारंब्या आणि शांतता. ही जागा पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरची गणेशखिंडीतली कोठी. विद्यापीठ १९४९ चं, २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या अंगणात न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. शाळेची एक सहल आली होती आणि मुलं आर्यभटाला सोडून बाकी तिघांबरोबर फोटो काढत होती, उजेड त्या बाजूला बरा होता म्हणून.

बसस्टॉपवर विद्यापीठातून निवृत्त झालेले एक कारकून भेटले. त्यांचा हिशेब वेगळाच होता. त्यांच्या मते पुणं बदललं ते १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली तेव्हा. त्याआधी इंजिनिअरिंग म्हणजे सीओईपी, शिवाजीनगरचं सरकारी कॉलेज, १८५४ पासूनचं. त्यानंतर कोथरूडला एमआयटी, धनकवडीला भारती विद्यापीठाचा पसारा, मग एकेक करत वाघोली, लवळे, लोणी. “मार्कलिस्टांचे गठ्ठे बघूनच कळायचं,” म्हणाले. “आधी सायकलवरून न्यायचो. पुढे टेम्पो लागला.” बस आली, बोलणं तिथेच राहिलं.

मंगळवार

टेम्पो आठला येणार होता, साडेनऊला आला. गोदरेजचं कपाट बघून ड्रायव्हरने दोनशे वाढवून मागितले. आत्याने वही घेतली, तुळस घेतली, झोपाळ्याच्या पितळी कड्या घेतल्या. बंगल्याच्या झोपाळ्याच्या त्या, १९८६ पासून डब्यात पडून होत्या. काका-काकूंचं जाणं पुढच्या आठवड्यात, बाणेरला मुलाकडे. काकांची चिंता एकच, तिथून टेकडी लांब पडते. काकू म्हणाल्या, तिथेही टेकडी आहे, बाणेरची. काका म्हणाले, ती वेगळी.

नवी पेठेत कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. हमालांनी हात टेकले. आवाज ऐकून अभ्यासिकेतली पाच-सहा मुलं बाहेर आली, त्यात गेवराईवालाही होता. एकाने कपाटाची दारं काढायला लावली, दुसऱ्याने खालून खांदा दिला आणि वीस मिनिटांत कपाट वर. आत्याने पन्नासाची नोट पुढे केली तर कुणी घेईना. शेवटी त्यातला एक, मोहोळकडचा, जरा चाचरत म्हणाला, “आजी, तुमची बाल्कनी दुपारची मोकळी असते का? खाली चारनंतर लाइट जाते कधी कधी.”

“कशाची तयारी करतोस?”

“पीएसआय.”

“कितवा प्रयत्न?”

“तिसरा.”

“ये. पण फोन खाली ठेवून यायचं.”

मी खोकी फोडायला घेतली, कारण सहाची हुतात्मा गाठायची होती. चारला तो आला, हातात उशी आणि भूगोलाचं पुस्तक. आत्याने आधी त्याच्याकडून गॅसची टाकी जोडून घेतली आणि मगच बाल्कनीचं दार उघडलं.